कोल्हापूरची महिला परिषद, वायल्डर चर्च आणि पुढे जुनं गोवं

कॅथलिक स्त्रियांच्या नेतृत्वावर परिषद, तीही मराठीतून आणि मुंबई-पुण्याबाहेर, असं कळल्यावर आम्ही वसईच्या काही जणींनी लगेच कोल्हापूरची तिकिटं काढली. शनिवार-रविवार परिषद आणि त्याला जोडून जुन्या चर्चेसची भेट असा बेत होता. पुढच्या वेळी ज्यांना जायचं आहे, त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते.

जाताना महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. रात्री बसायचं, सकाळी कोल्हापूर. आम्हा वसईकरांना दादरला चढणं सोपं पडतं. सोबत वयस्क बायका असतील तर खालचे बर्थ मिळतील इतकं आधी बुकिंग करा. राहण्याची सोय परिषदेनेच काही कॉन्व्हेंटमध्ये आणि काही धर्मग्रामातल्या, म्हणजे एका चर्चच्या परिसरातल्या, कुटुंबांकडे केली होती. स्वतःहून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाची गर्दी असते आणि नवरात्रात तर देवळाजवळ खोली मिळणं कठीणच. त्या दिवसांत स्टेशनच्या बाजूला राहा किंवा धर्मग्रामाच्या (पॅरिश) ऑफिसला आधी फोन करून ठेवा.

परिषदेला सांगली, मिरज, गडहिंग्लज, आजरा, सावंतवाडी अशा ठिकाणांहून बायका आल्या होत्या. कोल्हापूर शहर पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या अखत्यारीत, येतं. 2005 मध्ये त्याच धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग वेगळा झाला आणि आजऱ्याकडचा भाग तिकडे गेला. त्यामुळे पूर्वी एकाच धर्मप्रांतात असलेल्या कितीतरी जणी इथे पुन्हा भेटत होत्या. चहाच्या वेळी नुसता कलकलाट चालला होता आणि मला तो फार आवडला.

पहिल्या सकाळची भाषणं थोडी लांबली, पण एका सिस्टरांनी सगळा इतिहास नीट उलगडून सांगितला. 2008 मध्ये जमशेदपूरला भारतातल्या बिशपांची सर्वसाधारण सभा स्त्रियांच्या प्रश्नावर भरली. 2010 मध्ये भारतीय कॅथलिक चर्चचं लिंगसमभाव धोरण आलं. जानेवारी 2021 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी वाचक (उपासनेत बायबल वाचणारे) आणि वेदीसेवक (वेदीपाशी धर्मगुरूंना मदत करणारे) ही सेवापदं अधिकृतपणे स्त्रियांना खुली केली. ऑक्टोबर 2023 च्या रोममधल्या सिनडमध्ये, म्हणजे चर्चच्या जागतिक सभेत, 54 स्त्रियांना मतदानाचा हक्क होता. आपल्याकडे बायका वर्षानुवर्षं वेदीवरून वाचन करतात, त्यामुळे 2021 च्या निर्णयात नवीन काय असं अनेकींना वाटलं. फरक असा की आधी ती सोय होती, आता ते रीतसर बहाल केलं जाणारं पद आहे. सोय कोणीही काढून घेऊ शकतो. पद काढून घेणं तितकं सोपं नसतं.

दुपारचं गटकार्य मात्र माझ्या मते सगळ्या परिषदेचा गाभा होता. विषय होता धर्मग्रामाची अर्थसमिती. चर्चच्या कायद्यातलं कलम 537 सांगतं की प्रत्येक धर्मग्रामात अर्थसमिती असलीच पाहिजे. पॅरिश कौन्सिल बिशपांच्या निर्णयावर अवलंबून असते, अर्थसमिती तशी नाही, ती बंधनकारक आहे. आणि तिच्यावर पुरुषच असावेत असं कुठेही लिहिलेलं नाही. आम्हाला एका काल्पनिक धर्मग्रामाचा वर्षाचा जमाखर्च वाचायला दिला. रविवारचं दान, मिस्साअर्पणं (मिस्सा म्हणजे आमची मुख्य उपासना, तिच्यासाठी दिलेले पैसे), सणाची वर्गणी, वीजबिल, मेणबत्त्या, छपराची दुरुस्ती. माझ्या शेजारी आजऱ्याकडच्या एक मावशी होत्या, काजूच्या कारखान्यात काम करणाऱ्या. त्यांचं बोट रकान्यावरून हळूहळू खाली सरकत गेलं आणि छपराच्या दुरुस्तीपाशी थांबलं. "ह्याची कोटेशनं किती घेतली हुती?" त्यांनी विचारलं. कागदावर त्याचा पत्ताच नव्हता. गट चालवणाऱ्या सिस्टरांनी ती चूक मुद्दाम पेरली होती आणि इतर गटांमध्ये ती कोणाच्याच लक्षात आली नव्हती.

मावशी पुढे म्हणाल्या, "आमी बचतगटाचा रुपया न् रुपया ल्हितो. बँकंचा साहेब तपासून जातो, कधी आकडा चुकल्याला न्हाई. मग चर्चच्या हिशेबाला बसाय काय अडचण हाय?"

नेतृत्व शिकवायला कोणी बाहेरून यावं लागत नाही, हे मला तिथे लख्ख दिसलं. बचतगटांनी गावोगावच्या बायकांना हिशेब ठेवायला, ठराव लिहायला, कर्ज नाकारायलासुद्धा शिकवलं आहे. आणि याच बायकांच्या वाट्याला चर्चमध्ये फुलं, पडदे आणि सणाचं जेवण येतं. ती कामंही प्रेमाचीच आहेत, पण तिथेच थांबायचं का, हा प्रश्न प्रत्येक महिला मंडळाने आपल्या फादरांपुढे मांडायला हवा. परिषदेला जाणार असाल तर आपल्या धर्मग्रामाचा मागच्या वर्षीचा अहवाल सोबत न्या. गटातलं बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. आणि गटात आपल्याच ओळखीच्या बायकांना चिकटून बसू नका.

जेवणाचं एकच सांगते: आजऱ्याचा घनसाळ तांदूळ. भाताचा वास पंगतीच्या शेवटच्या टोकापर्यंत येत होता. परतताना थोडा विकत घ्याच.

रविवारी मराठी मिस्सा झाल्यावर दुपारी आम्ही शहरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चला गेलो. हे प्रोटेस्टंट चर्च, अमेरिकन मिशनचा वारसा सांगणारं. रॉयल वायल्डर 1852 च्या अखेरीस पत्नी एलायझासह कोल्हापुरात आले. त्यांचा मुलगा रॉबर्ट 1863 मध्ये इथेच जन्मला. 1886 मध्ये अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची जी मोठी मिशनरी चळवळ उभी राहिली, तिच्या संस्थापकांत त्याचं नाव घेतलं जातं. पण त्याच्याआधी त्याची बहीण ग्रेस हिने अमेरिकेत माउंट होल्योक या स्त्रियांच्या शिक्षणसंस्थेत शिकताना मैत्रिणींचा गट जमवून मिशनकार्याची प्रतिज्ञा केली होती. ती पुढे आईबरोबर भारतात परतली आणि याच भागात काम करत राहिली. चर्चला नाव वायल्डरांचं आहे. तिथे गेलात की एलायझा आणि ग्रेस यांचीही आठवण काढा. मिशनमधल्या स्त्रियांची नावं कोल्हापूरकरांच्या तोंडी आजही आहेत, एस्तेर पॅटन हायस्कूल, मेरी वानलेस हॉस्पिटल. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की पुरे. आपण कॅथलिक आहोत म्हणून संकोचू नका, फक्त उपासनेची वेळ टाळून जा आणि आत शिरण्याआधी तिथल्या कोणाला तरी विचारा.

सोमवारी भल्या पहाटे ठरवलेल्या गाडीने जुन्या गोव्याकडे निघालो. रस्ता निपाणी, उत्तूर, आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा असा. सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, पण घाट आणि चहा धरून पाच-सहा तास मोजा. पावसाळ्यात आंबोलीत धुकं इतकं दाट असतं की हा बेत दिवाळीनंतरच करावा असं मी म्हणेन. घाटात उलटीचा त्रास होणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसावं आणि निघण्याआधी मिसळीचा मोह टाळावा.

बॉम जेझूस बॅसिलिकाविषयी सगळ्यांना ठाऊक आहेच. 1605 मध्ये अभिषेक झालेली वास्तू आणि संत फ्रान्सिस झेवियर यांचा देह. दर्शन घ्या, प्रार्थना करा, पण सगळा वेळ तिथे घालवू नका. 24 नोव्हेंबरपासून नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) आणि 3 डिसेंबरला सण असतो. शांतपणे बघायचं असेल तर ते दिवस सोडून जा. समोरचं से कॅथेड्रल संत कॅथरिनला अर्पण केलेलं आहे, कारण 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला तो दिवस तिच्या सणाचा होता. त्याचा एक मनोरा 1776 मध्ये कोसळला, म्हणून दर्शनी भाग एका बाजूला रिकामा दिसतो.

आम्हाला खरी ओढ होती ती टेकडीवरच्या सांता मोनिका कॉन्व्हेंटची. 1606 मध्ये आर्चबिशप मेनेझिस यांच्या पुढाकाराने सुरू झालेला हा मठ आशियातल्या सर्वांत जुन्या आणि मोठ्या स्त्रीमठांपैकी एक. तीन मजली, जांभ्या दगडाची, जाड धिऱ्यांनी (आधारभिंतींनी) तोललेली इमारत. 1636 च्या आगीनंतर ती पुन्हा बांधली गेली. 1830 च्या दशकात पोर्तुगीज सरकारने धर्मसंघ बंद केले, नवीन मुली घेण्याला मनाई झाली आणि मठ हळूहळू रिता होत गेला. शेवटची सिस्टर 1885 मध्ये वारली. अर्धशतकभर नव्या चेहऱ्याशिवाय त्या प्रार्थना म्हणत राहिल्या असतील, या विचाराने आमच्यातल्या दोघी-तिघींचे डोळे भरून आले. आज त्याच इमारतीत मातेर देई संस्थेत धर्मभगिनी ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकतात, हे ऐकून तितकाच आनंद झाला.

मठाला लागूनच ख्रिस्ती कलेचं संग्रहालय आहे. तिथला चांदीचा पेलिकन जवळून बघा. साक्रामेंतासाठी, म्हणजे मिस्सातल्या पवित्र भाकरीसाठी, घडवलेलं हे पात्र गोलाच्या आकाराचं आहे आणि वर पेलिकन पक्षी. आपल्या छातीचं रक्त पाजून पिल्लांना जगवणारा हा पक्षी ख्रिस्ताचं जुनं प्रतीक आहे. हे पात्र या मठाचंच. संग्रहालयाची वेळ आणि सुट्टीचा वार आधी फोन करून विचारा, विशेषतः सोमवारी जाणार असाल तर.

शेजारीच संत ऑगस्टिनच्या भग्न चर्चचा मनोरा उभा आहे. जॉर्जियाची राणी केतेवान हिला 1624 मध्ये इराणात श्रद्धेसाठी ठार मारलं गेलं. तिचे अवशेष ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी इथे आणले होते. उत्खननात ते सापडले, हैदराबादच्या प्रयोगशाळेत डीएनए तपासणी झाली आणि 2021 मध्ये भारताने त्यातला एक अवशेष जॉर्जियाला दिला. गाइड ही गोष्ट घाईत सांगून मोकळे होतात. तुम्ही थांबून विचारा.

टेकडीचा चढ फार नाही, पण दुपारी सावली कमी मिळते. गुडघे दुखणाऱ्यांनी गाडी वरपर्यंत न्यावी. खांदे आणि गुडघे झाकतील असे कपडे, पाण्याची बाटली आणि सुती टोपी हवीच. सकाळी वर टेकडी, दुपारी खाली बॅसिलिका आणि कॅथेड्रल असा क्रम ठेवा, उन्हाचा त्रास वाचतो.

परतीला पुन्हा कोल्हापूर गाठायची गरज नाही. जुन्या गोव्याजवळ करमळी स्टेशन आहे, रिक्षाने थोड्याच वेळात पोचता. कोकण रेल्वेच्या मुंबईकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथे थांबतात, सगळ्या नाही, म्हणून तिकीट काढताना थांबा तपासा. वसईला जाणाऱ्यांनी ठाणे किंवा दादरला उतरावं. गाडी संध्याकाळची असेल तर जेवण पणजीतच आटोपून घ्या.