गाडीत घरचा फ्रिज: आधी इन्व्हर्टरची भूक मोजा

कॅम्पर (राहण्या-झोपण्याची सोय) केलेल्या टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये घरचाच फ्रिज बसवायचा असेल, तर १८०-१९० लिटरचा, सिंगल डोअर, डायरेक्ट कूल (ज्यातला बर्फ आपणच वितळवायचा) आणि इन्व्हर्टर कंप्रेसरवाला, म्हणजे गरजेप्रमाणे वेग बदलणाऱ्या कंप्रेसरचा घ्या. साधा कंप्रेसर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचतो. फ्रॉस्ट-फ्रीमध्ये बर्फ वितळवणाऱ्या डीफ्रॉस्ट हीटरचा खर्च वेगळाच.

लेबलवर वर्षाला १८० युनिट लिहिलं असेल, तर दिवसाला अर्धं युनिट, म्हणजे ५०० वॉट-तास झालं. पण मे महिन्यात तापलेल्या गाडीसाठी ८०० वॉट-तास धरा. आता जे बहुतेकजण मोजतच नाहीत ते: बॅटरीच्या डीसी विजेची घरच्यासारखी एसी वीज करणारा इन्व्हर्टर नुसता चालू असला तरी साधारण १५ वॉट खातो, म्हणजे दिवसाला ३६० वॉट-तास. शिवाय रूपांतरातली घट. बेरीज साधारण साडेबाराशे. १२.८ व्होल्ट, १०० एएचची (अँपिअर-तासाची) लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पूर्ण भरली तरी १२८० देते, त्यामुळे २०० एएचच घ्या. घरातल्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर (शिसं-आम्लाची) बॅटरी गाडीत आणू नका. ती जड तर असतेच, वर चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि आपण झोपतो तिच्याशेजारी.

इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा), १००० व्हीएचा. स्क्वेअर वेव्हवर साधा कंप्रेसर घुरघुरतो, तापतो. लोड नसताना इन्व्हर्टरला झोपवणारा इको मोड बंदच ठेवा, थर्मोस्टॅटचा लोड त्याला नीट ओळखता येत नाही.

बॅटरी अर्धी भरलेली असताना इन्व्हर्टर लो बॅटरीचा बीप देत असेल, तर बॅटरीला दोष देऊ नका. कंप्रेसर सुरू होण्याच्या क्षणी मल्टिमीटरने आधी बॅटरीच्या टर्मिनलवर आणि मग इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर व्होल्टेज बघा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर केबल बारीक आहे किंवा लग (केबलच्या टोकाची धातूची कडी) नीट क्रिंप झालेला, म्हणजे दाबून घट्ट बसलेला नाही. दीड मीटरपर्यंत ३५ चौरस मिमी तांब्याची केबल टाका, आणि १२५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर.

चार्जिंगसाठी ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावा; तो गाडीच्या अल्टरनेटरकडून (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राकडून) ठरावीक करंटच घेऊन बॅटरी भरतो. तीन तास गाडी चालली की दिवसाचा खर्च जवळपास निघतो. लिथियम थेट अल्टरनेटरला जोडली तर ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि घाटात, ट्रॅफिकमध्ये अल्टरनेटर तापून जळू शकतो. टपावर ४०० वॉटचे सोलर पॅनेल उन्हाळ्यात पुरतं, कोकणातल्या पावसाळ्यात त्याच्या भरवशावर राहू नका.

फ्रिज बसवताना बाजूच्या पत्र्याला चुकूनही ड्रिल लावू नका! बऱ्याच मॉडेलमध्ये कंडेन्सरच्या नळ्या त्या पत्र्याच्या आतून जातात, एक भोक पडलं की गॅस गेला. खाली प्लायवूडचं चौकट आणि वरून दोन रॅचेट पट्टे पुरे. दोन्ही बाजूंना आणि मागे दोन-तीन इंच हवा खेळू द्या. दाराला बाहेरून लॅच हवाच, चुंबकी रबर घाटातल्या वळणावर टिकत नाही. निघायच्या आदल्या रात्री घरच्या प्लगवर फ्रिज भरून गार करून घ्या, म्हणजे पहिल्या दिवशी बॅटरीवर ताण येत नाही.