शिंगाने फसवलं

चहात आलं किसून घालत होते, तेवढ्यात भाची म्हणाली, "मावशी, जिंजर हा शब्द इथूनच गेला ना?" मी ठामपणे हो म्हटलं. कसा गेला, ते मात्र सांगता येईना.

उलट्या दिशेने चालत गेले. जुनं फ्रेंच 'जिंजिब्र', त्यामागे लॅटिन 'झिंजिबेरी', त्याच्याही मागे ग्रीक 'झिंगिबेरिस'. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी लिहितो की, आलं हे मिरीच्या झाडाचं मूळ आहे असं काहींना वाटतं, पण ते खरं नाही. म्हणजे रोममध्ये आलं पोचलं होतं, झाड नव्हे! पुढे पालीत 'सिंगिवेर' आणि संस्कृतात 'शृंगवेर' मिळालं. अमरकोशात तर ओळच आहे: 'आर्द्रकं शृङ्गवेरं स्यात्'. आर्द्रकाचं आपण आलं केलं, हिंदीने अदरक. शृंगवेर जगभर फिरून जिंजर होऊन परत आलं.

कोशात 'वेर' म्हणजे शरीर. शृंगवेर, शिंगासारखं अंग असलेलं. आल्याचा फांद्या फुटलेला तुकडा हातात धरून बघा, पटतंच. वहीत लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. एक गोष्ट खटकत होती, 'वेर'चे अर्थ वांगं आणि केशर असेही दिलेले. कोशकारांनाच नक्की ठाऊक नसावं.

चार दिवसांनी शेजारच्या तमिळ काकूंना सहज विचारलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे इंजी. आणि वेर म्हणजे मूळ." मी वही घ्यायला घरी पळाले.

मग बरो आणि एमेनो यांचा द्रविड व्युत्पत्तिकोश उघडला (पहिली आवृत्ती १९६१). इंजी तिथे होतीच. पण मग सुरुवातीचा 'स' कुठला? अभ्यासकांचं म्हणणं असं की, जुन्या द्रविड रूपात आरंभी 'च' होता. तमिळमध्ये तो गळाला, उत्तरेकडे गेलेल्या शब्दात 'स' होऊन टिकला. पालीतलं 'सिंगिवेर' हे त्याचंच रूप. संस्कृताने त्याला ओळखीचं 'शृंग' चढवलं, आणि दोन हजार वर्षांनी मी त्या शिंगाला भुलले.

त्या दोन रेघा आता खोडल्यात. भाचीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण मावशी, तू तर ठामपणे सांगितलं होतंस."