इमारतच उरली नाही, मग शोधता काय?

पाडून टाकलेल्या शाळांच्या इमारतींचा इतिहास मी शोधते हे कळले की समोरची व्यक्ती बहुधा हेच विचारते: ‘इमारतच उरली नाही, मग तुम्ही पाहता तरी काय?’ तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शाळेच्या इमारतीविषयी कागद तयार होतात ते मुख्यतः दोन प्रसंगी, पैसे मागताना आणि तक्रार करताना. उद्घाटनाच्या वृत्तांतात ‘प्रशस्त व हवेशीर वास्तू’ यापलीकडे फारसे काही सापडत नाही. त्याउलट ‘पश्चिमेच्या खिडक्यांतून पावसाचे पाणी आत येते, त्यामुळे बाके मधोमध ओढावी लागतात’ अशा धाटणीचे मुख्याध्यापकांचे एखादे रडगाणे हाती लागले, तर वर्ग कोणत्या दिशेला उघडत होता, खिडक्यांवर पुरेसा छज्जा नव्हता आणि बाके जमिनीला जखडलेली नव्हती, हे सारे दोन ओळींत कळते. म्हणून कोनशिलेपेक्षा दुरुस्तीच्या अर्जांवर माझा विश्वास अधिक आहे. कोनशिला एका इमारतीवरून काढून दुसरीत बसवता येते. गळके छप्पर मात्र ज्याचे त्याचेच असते.

दुसरा मोठा आधार म्हणजे वर्गाचे सामूहिक छायाचित्र. त्यातील मुलांकडे सगळेच पाहतात, मी मुलांच्या मागची भिंत पाहते. भिंत उघड्या विटांची असेल तर तिची उंची मोजता येते, कारण जुन्या नऊ इंची विटांच्या बांधकामात सांध्यासह चार थर म्हणजे साधारण एक फूट होतो. मात्र वीट जागोजागी बदलते, त्यामुळे हा हिशेब डोळे झाकून वापरू नये. शाळा पाडली तरी कुंपणाच्या भिंतीचा तुकडा पुष्कळदा शिल्लक राहतो. ती भिंत त्याच काळातली असल्याची खात्री झाली, तर तिथे जाऊन सलग दहा थरांची उंची टेपने मोजावी, दहाने भागावी आणि मग भिंगाखाली छायाचित्रातील थर मोजायला बसावे. खिडकीच्या उंबऱ्यापर्यंतचे थर मोजून झाले की बसलेल्या मुलाला बाहेरचे दिसत होते की नाही, याचाही अंदाज येतो.

बाहेरून काढलेल्या छायाचित्रावरून आतली मांडणी ओळखण्याची एक युक्ती मला विशेष आवडते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून शाळा बांधणाऱ्यांनी एक नियम पुष्कळ ठिकाणी पाळला: उजेड मुलांच्या डाव्या बाजूने यावा, म्हणजे उजव्या हाताने लिहिताना हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. (डावखुऱ्या मुलांचा विचार त्यात कोणी केला नव्हता, हे वेगळे सांगायला नको.) या नियमाने बांधलेल्या आणि एकाच बाजूला खिडक्या असलेल्या वर्गाच्या बाहेर, खिडक्यांकडे तोंड करून उभे राहिले, तर आतला फळा आपल्या डाव्या हाताकडच्या टोकाला असणार. आत पाऊल न टाकता शिक्षक कुठे उभे राहत असत, ते असे सांगता येते.

या युक्तीच्या भरात मी एकदा चांगलीच फसले आहे. एका शाळेचा जिना मी छायाचित्र पाहून आराखड्यात उजव्या टोकाला दाखवला होता आणि फळ्यांच्या जागाही त्याच छायाचित्रावरून ठरवल्या होत्या. तिथे शिकलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी आराखडा पाहून ‘जिना डावीकडे होता हो’ असे सांगितले, तेव्हा त्यांचीच आठवण दगा देत असावी, असे मी मनाशी ठरवून टाकले. पुढे बऱ्याच दिवसांनी तेच चित्र दुसऱ्या कामासाठी काढले, तेव्हा पहिल्या रांगेतील सगळ्या मुलांच्या सदऱ्यांचे खिसे उजव्या छातीवर दिसले. निगेटिव्ह उलटी ठेवून प्रत काढलेली होती आणि चित्रात एकही अक्षर नसल्याने ते लक्षात आले नव्हते. तेव्हापासून भिंतीआधी मी खिसे पाहते.

आठवणी नेहमीच इतक्या खऱ्या निघतात असेही नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातील कॉलिनवूड येथे ४ मार्च १९०८ रोजी शाळेला आग लागून १७२ मुले दगावली. दारे आतल्या बाजूला उघडत असल्यामुळे मुले अडकली, असे त्या आगीविषयी दीर्घकाळ सांगितले गेले. चौकशीत मात्र दारे बाहेरच उघडणारी होती, असे निष्पन्न झाले. अडसर ठरली ती दाराआधीची अरुंद केलेली वाट. इमारत डोळ्यांसमोरून गेली की पटेल अशी गोष्ट तिची जागा घेते.

नामवंत वास्तुरचनाकाराची शाळा असेल तर काम निराळे होते. पॉल रुडॉल्फ यांनी फ्लोरिडात बांधलेले रिव्हरव्ह्यू हायस्कूल २००९ मध्ये पाडले गेले, परंतु रुडॉल्फ यांच्या रेखाटनांचा मोठा संग्रह लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जतन झालेला आहे. साध्या स्थानिक शाळेच्या नशिबी असा संग्रह नसतो. तिच्यासाठी भावंडे शोधावी लागतात, कारण अशा शाळा बहुधा एखाद्या नमुना आराखड्यावरून बांधलेल्या असतात आणि तोच आराखडा अन्यत्र उभा असू शकतो. याचे ठळक उदाहरण म्हणजे ज्युलियस रोझेनवाल्ड यांच्या अर्थसाहाय्याने १९१२ ते १९३२ या काळात अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी उभारलेल्या सुमारे ५,००० शाळा. त्यांचे छापील आराखडे शिक्षकांच्या संख्येनुसार होते, शिवाय जागेचे तोंड कोणत्या दिशेला आहे त्यानुसार वेगवेगळे होते, कारण अनेक ठिकाणी वीज नव्हती आणि वर्गाला पूर्वेचा किंवा पश्चिमेचा उजेड मिळणे आवश्यक होते. त्यामुळे जमीनदोस्त झालेल्या शाळेत किती शिक्षक होते आणि रस्ता कोणत्या बाजूला होता, एवढे कळले तरी आराखडा पुष्कळसा निश्चित करता येतो. या शाळांच्या छायाचित्रांची कार्डे फिस्क विद्यापीठाने जपली आहेत, त्यामुळे तो पडताळूनही पाहता येतो.

इमारत का पाडली, हा प्रश्न मी शेवटी ठेवते, कारण त्याचे उत्तर पुष्कळदा इमारतीबाहेर असते. १० मार्च १९३३ च्या संध्याकाळी कॅलिफोर्नियात लाँग बीच येथे भूकंप झाला. शाळा सुटलेल्या होत्या म्हणून मुले वाचली, आणि महिनाभरातच शाळांच्या बांधकामासाठी फील्ड कायदा आला. त्यानंतर तिथल्या जुन्या विटांच्या शाळा कोणाला नकोशा झाल्या म्हणून गेल्या नाहीत, तर धोकादायक ठरल्या म्हणून गेल्या.

आराखडा काढताना पुरावा असेल तिथे मी सलग रेघ ओढते आणि तर्क असेल तिथे तुटक. सध्या हातात असलेल्या शाळेचे पुढचे दालन सलग रेघांनी पूर्ण झाले आहे, मागचा व्हरांडा मात्र अजून तुटकच आहे. तिथे शिकवलेल्या दोन्ही बाईंना त्याचे तीन खांब आठवतात आणि रंगकामाच्या बिलात चार खांबांचे पैसे लावलेले आहेत.