साडेसहा लाखांचा ॲम्प्लिफायर आणि भिंतीला टेकलेला सोफा

पुण्यात लोकांच्या घरी ध्वनियंत्रणा बसवून देण्याचे आणि तिची जुळवणी करून देण्याचे काम मी गेली सोळा वर्षे करतो आहे. मी उपकरणे विकत नाही. त्यामुळे एखादी वस्तू तिच्या किमतीला उतरते का, हे विचारायला लोक मला बोलावतात आणि त्या सल्ल्याचे पैसे देतात. गेल्या हिवाळ्यात कोथरूडमधल्या एका निवृत्त अभियंत्यांनी असेच बोलावले. त्यांच्याकडे पावणेदोन लाखांचा ॲम्प्लिफायर होता, आणि दुकानदाराने साडेसहा लाखांचा दुसरा शनिवार-रविवारपुरता ऐकायला आणून ठेवला होता. तक्रार एकच होती: खयाल ऐकताना डग्गा फुगतो आणि बंदिशीचे शब्द त्याखाली झाकले जातात. चाळीस वर्षे सवाई गंधर्व महोत्सवात बसून ऐकलेल्या माणसाची ही तक्रार होती, त्यामुळे ती कानाचा भ्रम असेल असे मला क्षणभरही वाटले नाही.

"नवा लावला की सगळे खुलते, काकूंनासुद्धा कळते," असे ते म्हणाले. मी ऐकले आणि फरक मलाही स्पष्ट जाणवला. गायकाचा आवाज जवळ आला, तानपुऱ्याला भरीवपणा आला. मात्र दोन्ही यंत्रांची व्हॉल्यूमची कळ त्यांनी सारख्याच जागी, घड्याळातल्या दहाच्या काट्यावर ठेवली होती, आणि कळ सारख्या जागी असली म्हणजे आवाज सारखा असतो असे मुळीच नाही. मी एक हजार हर्ट्झचा स्थिर स्वर लावून स्पीकरच्या अग्रांवर मल्टिमीटर धरला. जुन्या यंत्राने २.०० व्होल्ट दिले, नव्याने २.३८. हा फरक दीड डेसिबलचा होतो. एवढा फरक 'मोठा आवाज' म्हणून सहसा ओळखू येत नाही, तो 'चांगला आवाज' म्हणून ओळखला जातो. दुकानातल्या तुलनेत ग्राहकाची फसगत बहुतेक वेळा इथेच होते, आणि ती करण्याचा दुकानदाराचा हेतू असावाच लागतो असेही नाही.

दोन्ही यंत्रे ०.१ डेसिबलच्या आत जुळवून मी ती निवडपेटीला, म्हणजे कळ फिरवली की एका यंत्राऐवजी दुसरे स्पीकरला जोडणाऱ्या पेटीला, जोडली. पेटी काकूंकडे दिली आणि त्यांना आमच्या पाठीमागे, दिसणार नाही अशा जागी बसवले. प्रत्येक वेळी नाणे उडवायचे, छाप आली तर जुने, काटा आला तर नवे, आणि वहीत नोंद करायची. काकांनी तोच अर्ध्या मिनिटाचा आलाप सोळा वेळा ऐकला आणि प्रत्येक वेळी कोणते यंत्र ते सांगितले. सोळापैकी बारा उत्तरे बरोबर आली असती तर मी मान्य केले असते, कारण निव्वळ अंदाजाने तितकी किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. बरोबर आली नऊ. काका बराच वेळ वहीकडे पाहत राहिले. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटले, कारण आदल्या संध्याकाळचा त्यांचा आनंद खरा होता.

मी त्यांना सांगितले की नवे यंत्र वाईट नाही. त्याची बांधणी उत्तम आहे, आणि चालवायला अवघड असे, ज्यांचा रोध चार ओहमच्याही खाली उतरतो असे स्पीकर असते तर त्याची ताकद कामी आली असती. पण त्यांच्या स्पीकरची संवेदनशीलता, म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर मिळणारी आवाजाची पातळी, ८७ डेसिबल होती. संध्याकाळी ज्या पातळीवर ते ऐकतात तिथे सरासरी एक वॅटसुद्धा खर्च होत नव्हता. मग पावणेपाच लाख जास्त कशासाठी मोजायचे?

डग्ग्याचे उत्तर खोलीत होते. दिवाणखान्याची लांबी ५.१ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४४ मीटर धरला तर या लांबीत पहिला अनुनाद (ज्या स्वराला खोली स्वतःच घुमते ती जागा) ३४ हर्ट्झला आणि दुसरा ६७ हर्ट्झला येतो, आणि डग्ग्याचा घुमारा याच दुसऱ्या अनुनादाच्या आसपास वावरतो. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला होता, जिथे लांबीच्या प्रत्येक अनुनादाचा दाब सर्वाधिक असतो. सोफ्यावर मायक्रोफोन ठेवून मोजले तेव्हा ६७ हर्ट्झला आजूबाजूपेक्षा अकरा डेसिबलचा उंचवटा दिसला. दोन्ही ॲम्प्लिफायरांवर तो तसाच होता, रेषेवर रेषा बसावी इतका.

आम्ही तिघांनी सोफा पंचावन्न सेंटीमीटर पुढे ओढला आणि स्पीकर समोरच्या भिंतीपासून आणखी पस्तीस सेंटीमीटर पुढे आणले. उंचवटा चार डेसिबलवर आला. त्यानंतर काकांनी जुन्याच ॲम्प्लिफायरवर तोच खयाल लावला. दुसऱ्या आवर्तनात त्यांनी हात वर केला आणि बंदिशीची ओळ गायकाबरोबर म्हटली. डग्ग्याखाली हरवणारा शब्द आता मलाही ऐकू येत होता.

निघताना त्यांनी बेचाळीस हजारांच्या स्पीकर केबलबद्दल विचारले. ती चार मीटर लांब होती. अडीच चौरस मिलिमीटरची साधी तांब्याची वायर घेतली तर जाऊन-येऊन तिचा रोध ०.०६ ओहमच्या आत राहतो आणि सहा ओहमच्या स्पीकरवर आवाज ०.१ डेसिबलनेही कमी होत नाही, एवढे मी कागदावर मांडून दाखवले. त्यांनी तो कागद घडी घालून ठेवला आणि जाड गालिच्याचा आणि भिंतीच्या कोपऱ्यांत बसवायच्या, आवाज शोषणाऱ्या रॉकवूलच्या (दगडी लोकरीच्या) पट्ट्यांचा खर्च विचारला. दोन्ही मिळून पस्तीस हजारांत बसत होते.

अडचण एकच उरली. पुढे आलेल्या सोफ्यामुळे बाल्कनीकडे जायची वाट अरुंद झाली होती. काकूंनी सोफ्याच्या चारही पायांशी फरशीवर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा केल्या. दिवसा सोफा भिंतीशी राहील आणि रात्री जेवणानंतर खुणांवर येईल, असे त्यांनी ठरवून टाकले.