तार गावाची, आम्ही जोडारी

करवीर तालुक्यातल्या नदीकाठच्या एका गावात आमचं बरंच काम आहे. पण त्या गावातलं इंटरनेटचं मीटरभर फायबरसुद्धा आमच्या फर्मच्या नावावर नाही. ते दूध संस्थेच्या सभासदांचं. आम्ही जोडतो, तुटलं की परत जोडतो, मजुरी घेतो. हे ऐकून शहरातले जुने केबलवाले अजून हसतात. हसू देत.

मी मूळचा केबलवालाच. गच्चीवरून वायर ओढत धंदा शिकलो. वसुलीला दारोदार फिरताना अर्धा महिना जायचा. त्यावर तोड सुचली आप्पांना. आप्पा संस्थेचे सचिव. म्हणाले, "तू कशाला हिंडतोस रं? दहा दिवसाला दुधाचं बिल निघतंय न्हवं, त्यातनंच कापून घेऊ." आमची सगळी वाटचाल या एका वाक्यात आहे. आपल्या जिल्ह्यात नदीचं पाणी चढावर न्यायला संस्था, दुधाला संस्था, उसाला कारखाना. नेटलाच तेवढा सावकार का? वारणेच्या सहकारी समूहानं १९९८ सालीच सत्तरेक गावांत संगणक नेले होते. तिकडं इंग्लंडात लँकशायरच्या गावकऱ्यांनी २०११ मध्ये 'बार्न' नावाची संस्था काढली, स्वतः चर खणले आणि रानातून फायबर जाऊ द्यायचे पैसे घेतले नाहीत. मी सभेत हे सांगितलं, तेव्हा मागून एक जण म्हणाला, "त्यांच्यात बांधाची भांडणं नसत्यात व्हय?"

इंटरनेट द्यायच्या परवान्याचा घोळ धंद्यातल्यांना माहीत आहे. परवाना कंपनीला, संस्थेला नाही. म्हणून बँडविड्थ, म्हणजे बाहेरून येणारं नेट, परवानाधारकाकडून आणि गावातलं जाळं संस्थेचं, असा जुगाड बसवला. त्यासाठी घातलेल्या खेपांचा हिशेब मी कधी मांडला नाही.

मग ऑगस्ट २०१९. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ती ओलांडून वर चढतच राहिलं. शिरोलीपाशी महामार्ग बंद, शहराशी संबंध तुटलेला. आमचं ओएलटी, म्हणजे गावभर नेट वाटणारं मुख्य यंत्र, संस्थेच्या तळमजल्यावर, दुधाच्या फॅट मशीनशेजारी. चूक माझी. ओएलटी, स्विच, बॅटऱ्या, सगळं पाण्याखाली. नवं जाळं टाकताय ना? मग पहिल्या मजल्याखाली काही ठेवू नका, जागा फुकट मिळाली तरी नको.

पाणी ओसरलं तेव्हा घराघरांत नेटच्या बॉक्सवर लाल लाइट. फायबरला पाण्याचं फार काही होत नाही, काचच ती. पण जॉइंट बॉक्समध्ये गाळ शिरला होता. तारेतला बिघाड कुठं आहे ते दाखवणारा ओटीडीआर लावला की दर दोनशे मीटरला त्याच्या आलेखावर खड्डा. मी आणि दोन पोरं आप्पांच्या गोठ्यात बसून स्प्लायसिंग, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडायचं काम, करायचो, वर ताडपत्री, खाली शेणामातीचा वास. फायबर कापायच्या क्लीव्हरचं पातं बोथट झालेलं, नवं आणायला पैसे नाहीत. जोडायचं मशीन, स्प्लायसर, मात्र स्वतःचा होता. बायकोच्या पाटल्या त्यात गेलेल्या, म्हणून त्याला कुणाला हात लावू देत नव्हतो. भाड्याच्या मशीनवर धंदा करू नका, आणीबाणीत ते मशीन नेमकं दुसऱ्याच्या गावात असतं.

नेमकी तेव्हाच एका मोठ्या कंपनीची गाडी गावात आली. तीन महिने फुकट, बॉक्स फुकट. आमच्याकडं तेव्हा द्यायला काही नव्हतं, पोरांचा पगारसुद्धा थकलेला. बरीच घरं गेली. त्यांना मी नावं ठेवत नाही, पोरांचे ऑनलाइन फॉर्म थांबत नाहीत. पण एका सकाळी आम्ही नुकत्याच जोडलेल्या, घरात जाणाऱ्या सात ड्रॉप केबल ओळीनं तुटलेल्या सापडल्या. कुणी तोडल्या ते सांगत नाही. उंदराचा दात आणि कटरचा वार यांतला फरक मला कळतो, एवढंच.

आप्पांनी सभा बोलावली. माइक घेतला नाही. पासबुक वर धरून म्हणाले, "ह्या तारंत माझं पाचशे रुपयं हाईत. तुमचं बी हाईत. सोडून जायचं त्यानं आधी शेअर परत मागायचा." एकानंही मागितला नाही. जुन्या भागभांडवलात भर घालून संस्थेनं ओएलटी घेतलं. या वेळी वरच्या मजल्यावर ठेवलं. इन्व्हर्टर आमच्या फर्मनं संस्थेला दिला, उधारीवर.

तीन महिने संपले, कंपनीची बिलं सुरू झाली. त्यांचा माणूस फोन उचलत नाही म्हणून घरं एकेक करून परत आली. ती मोजायला आम्ही बसलो नाही. खरं सांगायचं तर बसलो होतो.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. तळमजला बुडाला, वरचा दिवा हिरवा राहिला. शहराकडची लाइन दोन दिवस गेली, त्याला आमचा इलाज नव्हता. नंतरची वर्षं चांगली गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. आणखी दोन गावांतून बोलावणं आहे, एका ठिकाणी चेअरमनच्या पुतण्याला ठेका हवाय, तिथं आम्ही जाणार नाही.

२०२१ च्या त्या पुरानंतरचं दूधबिल काढताना आप्पांनी मला बोलावलं होतं. चष्मा कपाळावर. म्हणाले, "दोन दिवस नेट न्हवतं. तेवढं पैसं सभासदांचं कापू नकोस." म्हटलं, "आप्पा, लाइन वरनं गेली होती." म्हणाले, "ते तू बघ. मला सभेत उत्तर द्यावं लागतंय."

दोन दिवसांचे पैसे आम्ही सोडले. इन्व्हर्टरचे अजून यायचेत.