बेइदा: नाव एक, आवारं अनेक

शहराचं नाव बीजिंग झालं, तरी चीनच्या राजधानीतल्या पेकिंग विद्यापीठानं इंग्रजीत जुनं 'पेकिंग' सोडलं नाही. चिनी विद्यार्थी नुसतं 'बेइदा' म्हणतात. नावात 'बीजिंग' असलेली इतर विद्यापीठं बरीच आहेत, म्हणून चिनी सरकारी शिष्यवृत्तीच्या अर्जात संस्थेचा क्रमांक १०००१ नीट तपासून टाकावा.

स्थापना १८९८ची. १९१७मध्ये त्साय युआनपेइ कुलगुरू झाले आणि परस्परविरोधी मतांच्या प्राध्यापकांना त्यांनी एकाच छताखाली आणलं. व्हर्सायच्या तहाविरोधात पेटलेल्या ४ मे १९१९च्या आंदोलनात इथले विद्यार्थी आघाडीवर होते. बेइदाचं मोठेपण मला याच परंपरेत दिसतं, क्रमवारीच्या आकड्यांत नाही. तेव्हाचं विद्यापीठ मात्र जुन्या शहरात होतं. तिथली लाल इमारत आजही उभी आहे. बीजिंगच्या हायदियान भागातलं आजचं मुख्य आवार मुळात येनचिंग विद्यापीठाचं, बेइदा तिथं आलं १९५२मध्ये. वेइमिंग तळ्याकाठचा तेरा मजली पॅगोडाही मंदिर नव्हे, १९२०च्या दशकात बांधलेली पाण्याची टाकी आहे!

भारतीय वाचकाला जवळचं नाव म्हणजे जी शियानलिन. १९४६मध्ये त्यांनी इथं पौर्वात्य भाषांचा विभाग उभारला. पुढे वाल्मीकी रामायण संस्कृतातून चिनीत आणलं. २००८मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं.

अर्ज करताना आधी आवार बघा. वैद्यकीय शाखा २०००मध्ये विलीन झालेल्या बीजिंग वैद्यकीय विद्यापीठाच्या जागेत आहे, मुख्य आवारापासून वेगळी. एचएसबीसी बिझनेस स्कूल तर थेट दक्षिणेला शेन्झेनमध्ये. 'पेकिंग' वाचून बीजिंगची स्वप्नं रंगवू नयेत. बेइदाच्याच येनचिंग अकादमीचा चीन-अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम इंग्रजीत आहे. पदवीचे बहुतेक अभ्यासक्रम मात्र चिनीतच, त्यामुळे एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेची तयारी आधीपासून हवी.

कागदपत्रांत सगळ्यात जास्त अडतं ते वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर. फोटोवर रुग्णालयाचा शिक्का नसला, डॉक्टरांची सही राहिली किंवा एखादा रकाना कोरा असला, तर फॉर्म अवैध धरतात. अहवाल सहा महिनेच चालतो, म्हणून तपासणी फार आधी उरकू नका. मूळ प्रती सामानात नको, हातातल्या बॅगेत ठेवा.

१८० दिवसांहून जास्त शिकायचं असेल तर एक्स-१ व्हिसा लागतो. तो केवळ देशात शिरण्यापुरता. चीनमध्ये उतरल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करावाच लागतो. वसतिगृहाबाहेर राहणाऱ्यांनी २४ तासांत पोलीस ठाण्यात नोंदणी करायची. ती पावती नसेल तर परवान्याचं काम तिथंच थांबतं.