एक्झिक्युटर गेल्यावर: मुंबई-रत्नागिरी फेरीचा वृत्तांत

आत्याच्या मृत्युपत्राचे एक्झिक्युटर, म्हणजे त्यात लिहिल्याप्रमाणे वाटप करायला तिने नेमलेले, माझे बाबा. मुंबई उच्च न्यायालयातून प्रोबेट (मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा शिक्का) मिळालं, दादरचा फ्लॅट ज्याला द्यायचा त्याच्या नावावर झाला, आणि मग बाबाच गेले. मागे दोन कामं राहिली: मुंबईतल्या बँकेतली ठेव, आणि रत्नागिरीकडे पावस गावाच्या बाजूचं घर आणि कलमांची बाग. घर-बाग आत्याने माझ्या चुलतबहिणीला, म्हणजे ताईला, थेट दिलेली. ठेव ‘बाकी जे काही उरेल ते’मध्ये येते, आणि ते सगळंही ताईलाच.

तेराव्याला आलेल्या प्रत्येकाने मला सांगितलं, “आता तू बघायचंस.” बघायचं म्हणजे काय ते कोणी सांगितलं नाही. वकिलांनी पहिल्याच भेटीत विषय संपवला: हे पद वारशाने येत नाही. आत्याने विश्वास टाकला तो बाबांवर, त्यांच्या मुलावर नाही. लंडनचा मावसभाऊ फोनवर उलट सांगत होता, तोही त्याच्या जागी बरोबर होता. इंग्लंडमध्ये प्रोबेट घेतलेला शेवटचा एक्झिक्युटर गेला आणि त्याच्या स्वतःच्या मृत्युपत्राचंही प्रोबेट झालं, की त्याचा एक्झिक्युटर आधीचंही काम पुढे नेतो. आपल्याकडे ही साखळी नाही. इथे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा काढून बसायचं.

त्यात आधी बघायचं की प्रोबेट एकाहून अधिक जणांना मिळालं होतं का. असेल तर सुटलात, कलम २२६ प्रमाणे सगळा अधिकार हयात एक्झिक्युटरकडे जातो. आमच्याकडे बाबा एकटेच. मग कलम २५८: प्रोबेट मिळालेला एक्झिक्युटर काम अर्धवट टाकून गेला, तर तेवढ्या उरलेल्या मिळकतीपुरता नवा माणूस कोर्ट नेमतं. आणि कलम २३२ प्रमाणे तो मान ‘बाकी जे काही उरेल ते’ ज्याला दिलंय त्याला मिळू शकतो, म्हणजे ताईला. प्रोबेट मिळायच्या आधीच एक्झिक्युटर गेला तरी हेच कलम कामाला येतं. फक्त मग मृत्युपत्र शाबीत करण्यापासून सगळं तिला करावं लागतं.

निघायच्या आधी मी बाबांच्या कपाटातले कागद दोन वेगळ्या पिशव्यांत भरले: बाबांचे स्वतःचे एकीकडे, आत्याच्या इस्टेटीचे दुसरीकडे. हे कराच. दुसऱ्या पिशवीतला सगळ्यात कामाचा कागद होता इन्व्हेंटरीची प्रत. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मिळकतीची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यायचा असतो. बाबांनी यादीवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. खूण नाही ते उरलेलं काम.

पुण्याहून डेक्कन क्वीनने गेलो. सव्वासातला सुटते, साडेदहाच्या आत सीएसएमटी. तिथून हुतात्मा चौकावरून हायकोर्ट पायी जाण्यासारखं आहे, टॅक्सीच्या नादी लागू नका. १८७८ मध्ये पूर्ण झालेली ती काळ्या दगडाची इमारत बघायला दहा मिनिटं राखून ठेवा. फोटो असलेलं ओळखपत्र मूळ न्या. मे महिन्यात आणि दिवाळीत कोर्टाला सुट्टी असते, तारखा बघूनच तिकीट काढा.

मूळ मृत्युपत्र कपाटात सापडलं नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. प्रोबेट झालं की मूळ मृत्युपत्र कोर्टातच राहतं, आपल्या हातात येतं ते त्याची प्रत जोडलेलं, कोर्टाच्या शिक्क्याचं प्रोबेट. आम्ही त्याच्या दाखला प्रती (कोर्टाने प्रमाणित केलेल्या नकला) मागितल्या. जास्तच मागा, प्रत्येक टेबलावर एक ठेवून घेतात. ताईचा अर्ज ‘मृत्युपत्र जोडलेल्या लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’साठी, म्हणजे एक्झिक्युटरच्या जागी मिळकत सांभाळायच्या कोर्टाच्या अधिकारपत्रासाठी आहे, तोही फक्त उरलेल्या मिळकतीचा. सोबत प्रोबेट, बाबांचा मृत्यूचा दाखला आणि उरलेल्या मिळकतीची यादी. एक्झिक्युटरला बाँड (कोर्टाला हमीपत्र) द्यावा लागत नाही, अशा नव्या प्रशासकाला द्यावा लागतो. जामीनदाराचं काय करायचं हे वकिलांना पहिल्या दिवशीच विचारा.

दुपारी बँकेत. काउंटरवरच्या गृहस्थांनी सहानुभूतीने माझ्यापुढे क्लेम फॉर्म सरकवला. “तुम्ही मुलगा ना, मग वारस म्हणून सही करा, पंधरा दिवसांत पैसे.” मोह होतो, खोटं कशाला बोला! पण ती ठेव बाबांची नव्हती, बाबा ती सांभाळत होते. तिथे वारस म्हणून सही करून पैसे उचलले, की कलम ३०३ प्रमाणे आपण अधिकार नसताना इस्टेटीत हात घालणारे ठरतो, आणि घेतलेल्या पैशाचा जाब द्यावा लागतो. मालाची राखण करणं वेगळं, तेवढं चालतं. म्हणून मी फक्त एक पत्र दिलं: खातेदार एक्झिक्युटर वारले आहेत, कोर्टाचा नवा आदेश येईपर्यंत खात्यातून कोणालाही पैसे देऊ नयेत. पोच घेतली. ते जरा नाराज दिसले.

रात्रीची कोकणकन्या. पहाटे रत्नागिरीला उतरलो तर स्टेशन गावाबाहेर, कुवारबावच्या बाजूला, रिक्षा मिळते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, ते वेगळं तपासा. एसटीने गावात पोचायला आणखी वेळ लागतो. तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात कोणी म्हणत नाही) एकाहून अधिक गावं असू शकतात. कोणत्या वारी कुठे बसतात ते फोन करून विचारूनच निघा.

इथे खरी गंमत झाली. आम्ही धरून चाललो होतो की बागेलाही मुंबईचा आदेश लागणार. पण ताईने पर्समधून बाबांचं पत्र काढलं. आखीव कागद, निळी शाई, तारीख आणि सही: “घर व बाग तुझ्या ताब्यात दिली आहे. किल्ली पोचल्याचं कळव.” वकिलांनी फोनवर ते वाचून घेतलं आणि हसले. मृत्युपत्रात नाव घेऊन दिलेल्या वस्तूला एक्झिक्युटरची संमती लागते. ती दिली की वस्तू इस्टेटीतून सुटून त्या माणसाची होते. संमती तोंडीसुद्धा चालते, वागण्यातूनही दिसू शकते. म्हणजे बागेपुरतं बाबांचं काम पुरं झालेलं होतं, राहिला होता तो फक्त फेरफार, म्हणजे महसूल दप्तरात नाव बदलणं.

तलाठीभाऊंचा पहिला प्रश्न रास्त होता, “एक्झिक्युटर हयात नाहीत, मग अर्जावर सही कोणाची?” सही ताईची, मालक म्हणून. त्यांनी प्रोबेट पानापानाने वाचलं, पत्राची झेरॉक्स घेतली, मूळ परत दिलं. मूळ कुणालाच देऊ नका. आता नोटीस निघेल, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची सही. सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत मधूनमधून ऑनलाइन बघत राहायचं.

तुमच्याकडे इस्टेटीचा एखादा दावा कोर्टात चालू असेल तर त्याच्याकडे आधी धावा. मयत पक्षकाराच्या जागी नवं नाव लावायला ९० दिवसांची मुदत असते, आणि ती दुःखासाठी थांबत नाही.

एक्झिक्युटरच्या घरच्यांवर एक काम मात्र येतंच. बाबांनी काही गैर केलं असतं तर त्याची भरपाई त्यांच्या मिळकतीतून मागता आली असती, म्हणून हिशेब स्वच्छ करून द्यायचा. परतीच्या गाडीत आम्ही आत्याच्या इस्टेटीची पिशवी उघडून जमा-खर्च ओळीओळीने लावला, पावत्या क्रमाने टाचल्या, आणि ताईने शेवटच्या पानावर ‘कागद मिळाले’ असं लिहून सही केली. एक प्रत माझ्याकडे, एक वकिलांकडे. ठेव मात्र बँकेत तशीच आहे, अर्जावर अजून तारीख पडायची आहे.